तेलघानी गल्लीत चारचाकी बंद

३ मार्च, सोमवार
आजपासून तेलघानी गल्लीत चारचाकी बंद. दोन्ही तोंडाले लोखंडी बॅरिकेड. बोर्डावर लिहिलं हाय, पंधरा दिवसांचा प्रयोग. लोकायले मोकळं फिरता यावं म्हनते. फिरतीन ना. पन लोखंडी अलमारी कोन खांद्यावर नेईन, हे कोनी इचारलं नाही.
मी शांत हाव. पूर्ण बालाघाटात मोतीलाल अलमारीवाले म्हनलं की लालबर्रा, कटंगीपर्यंत लोकं वळखते. ग्राहक पायी येईन.

५ मार्च
ग्राहक पायी नाही आला.
लालबर्ऱ्याचे सुखराम पटले पोरीच्या लग्नाची अलमारी घ्यायले पिकअप घेऊन आलते. बॅरिकेडजवळून फोन केला. म्या म्हनलं, गाडी तिथंच ठेवा, चार पावलं त हाय. ते म्हनाले, अलमारीले पाय हाय का भाऊ? म्या म्हनलं, हाय, चार. ते हसले अन् फोन ठेवला.
हसले म्हंजे संबंध चांगले हाय. अलमारी त्यायनं बायपासच्या शोरूममधून घेतली, असं संध्याकाळी समजलं.

८ मार्च, दुपारी
तेलघानी गल्ली व्यापारी संघर्ष समिती बनवली. अध्यक्ष मी. उपाध्यक्ष समोरचा मोबाईलवाला महेंद्र. बांगड्यावाल्या रुख्माबाई महिला प्रतिनिधी. गल्लीत तेवीस दुकानं, तेवीस सह्या. एकानंही नाही म्हनलं नाही. रुख्माबाईनं इचारलं, किती दिवसात रस्ता खुलन? म्या म्हनलं, आठ दिवस धरून चाला.

१२ मार्च
नगरपालिकेत ज्ञापन, म्हंजे मागनीचं निवेदन, दिलं. साहेब म्हनाले, "रख दीजिए." म्या ठेवलं. घेतलं म्हंजे अर्धं मानलंच.

१८ मार्च
मुदत १५ एप्रिलपर्यंत वाढवली. महेंद्र म्हने, भाऊ, हे त उलटं झालं. त्याले प्रशासन समजत नाही. ज्ञापनावर विचार करायले वेळ लागते, म्हनून वाढवली.

२४ मार्च
स्वतः मार्ग काढला. नथ्थू माझ्याकडं अठरा वर्षांपासून हाय, वेल्डिंग, रंग, माल चढवनं, सगळं तोच करते. दोघायनं मिळून एक अलमारी हातठेल्यावर चढवली अन् बॅरिकेडपर्यंत न्यायले निघालो. हट्टा गावची पार्टी तिकडं गाडी घेऊन उभी होती. संध्याकाळची वेळ. गल्लीत बाया, म्हातारे, लेकरं, आइस्क्रीम खानारे. रस्ता देते पन हळूहळू देते. पाऊन तास लागला. शेवटी ठेल्याचं चाक नालीच्या झाकनात फसलं अन् दाराचा आरसा गेला.
पार्टी म्हने, लग्नात फुटला आरसा कोन देते भाऊ? अलमारी वापस आनली.
नथ्थू म्हने, सेठ, इतकी गर्दी त अगोदर कधीच नव्हती. म्या त्याले सांगितलं, ही गर्दी नाही, अडथळा हाय.

१ एप्रिल, मंगळवार
गल्ली बंदचं आवाहन केलतं. ठीक दहा वाजता शटर पाडलं.
महेंद्रचं चालू. म्हने नवीन मॉडेल आजच आलं, काय करू. रुख्माबाईचं शटर अर्धं खाली होतं, अन् त्याच्याखालून बाया वाकून आत जात होत्या. बाकीचे वीस मी मोजले नाही. माझ्या पायरीवर सावली होती, तिथं दोन बाया बसून समोसे खात होत्या.
बंद शांततेत पार पडला.

९ एप्रिल
ऊन वाढलं. बायकोनं, पुष्पलतानं, दुकानासमोर टेबल टाकून लस्सी विकनं सुरू केलं. म्या इचारलं, काहून? ती म्हने, अलमाऱ्या उभ्याच हाय, मी घरी बसून काय करू. म्या परवानगी दिली. तसंही टेबल अगोदरच लागलं होतं. लस्सीच्या निमित्तानं लोकायची नजर मालावर पडन. धोरन म्हनून वाईट नाही.
रात्रीपर्यंत सतरा जनायनं ड्रेसिंग टेबलच्या आरशात केस नीट केले. भाव कोनी इचारला नाही.

१६ एप्रिल
मुदत ३१ मेपर्यंत. आता धरना. बॅरिकेडजवळ सतरंजी टाकून बसलो. समितीचे बाकी लोकं ग्राहकी संपल्यावर येतो म्हनाले. ग्राहकी संपली नाही.
एक म्हातारे येऊन बाजूले बसले. वाटलं, जनतेचा पाठिंबा. थोड्या वेळानं इचारते, इथं लस्सी चांगली भेटते म्हने, कोन्या बाजूले?
म्या दाखवलं.

३० एप्रिल, अक्षय तृतीया
आज गावोगाव लग्नं. मागच्या साली या एका आठवड्यात नथ्थूले जेवायले फुरसत नव्हती. आज त्यानं सकाळी सगळ्या अलमाऱ्या पुसल्या. दुपारी परत पुसल्या. मंग कपडा घडी करून ठेवला अन् म्हने, सेठ, बायपासवाले बोलवून राह्यले. तुमी म्हनसान त नाही जात.
म्या म्हनलं, जा. महिनाभराचीच गोष्ट हाय.
तो गेल्यावर शटर पाडून आत बसलो. पुष्पलतानं आवाज दिला, झोपले का? म्या म्हनलं, हिशेब करून राह्यलो. हिशेबाले काही नव्हतं.

२० मे
साहेब स्वतः गल्लीत आले. म्हनाले, मोतीलालजी, बहुमत जिधर, हम उधर. एक दुकान, एक मत. परवा मतदान करून समितीचा ठराव द्या, त्याच्यावर निर्णय होईन.
हेच पाह्यजे होतं. तेवीस सह्या माझ्याकडं अगोदरच हाय. नथ्थूले फोन करून सांगितलं, तयारीत राह्य. तो म्हने, हौ सेठ. मांगं ग्राइंडरचा आवाज येत होता.

२२ मे, गुरुवार
मतदान माझ्याच दुकानासमोर झालं. हात वर करून.
रस्ता चारचाकीले खुला करा: महेंद्रनं मोबाईलमध्ये पाह्यलं. रुख्माबाईनं पदर नीट केला. हात एकही नाही.
मी हात वर करायले उठलो, त नगरपालिकेच्या बाबूनं यादी पाह्यली. दुकानाचा परवाना पुष्पलताच्या नावानं हाय. बाईच्या नावानं लवकर भेटते म्हनून मीच करवला होता. बाबू म्हने, मत मॅडमचं.
पुष्पलतानं ओले हात पुसले. माझ्याकडं पाह्यलं. चारचाकी बंदच राहू द्या म्हनाऱ्यायनं हात वर करा, असं बाबू बोलला, तवा तिनं हात वर केला. बावीस हात अगोदरच वर होते.
नंतर म्या तिले इचारलं, तू पन? ती म्हने, "वीस वर्षं मी या दुकानात येऊन राह्यली. गाड्यायच्या आवाजात कोनाशी एक गोष्ट धड बोलली नाही. आता लोकं थांबते. नावानं हाक मारते मले." मंग म्हने, "तुमचं नुकसान मले दिसते. पन खोटा हात कसा वर करू?"

बाबूनं ठराव लिहिला. तेलघानी गल्ली व्यापारी संघर्ष समिती एकमतानं मागनी करते की गल्ली कायमसाठी चारचाकीले बंद करावी. खाली अध्यक्षाची सही लागत होती.
केली.