ज्यांना आठवण येत नाही

१२ नोव्हेंबर

पोचले एकदाची! अकोल्याहून सकाळच्या गाडीने जऊळक्याला उतरले, तर उकंडराव गुरुजी स्वतः जीप घेऊन स्टेशनावर हजर. गुरुजी म्हणजे इथल्या शाळेचे मुख्याध्यापक. बोलके आहेत. आसेगाव मागे टाकून शाळा येईपर्यंत त्यांनी मला अख्खा तालुका समजावून सांगितला.

शाळेच्या मागच्या अंगाला हंगामी वसतिगृह. आजूबाजूच्या तांड्यांतली आणि गावांतली माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ती थेट उन्हाळ्यात परततात. तोवर त्यांची मुलं इथे. या मुलांची अधीक्षिका मी! प्राणिशास्त्र शिकून इतकी वर्षं घरात बसले, आता पहिल्यांदा माझ्या नावापुढे काहीतरी लागलं.

खोली लहान आहे, पण खिडकीतून तुरीचं शेत दिसतं आणि तूर नुसती पिवळी फुलली आहे. स्वयंपाकाला गोमतीबाई आहेत. त्यांनी गरम भाकर, अंबाडीची भाजी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा वाढला. लेकीला, रेवाला, फोन केला. आजीच्या मांडीवर बसून ती मोठमोठ्याने रडली. पाच वर्षांची आहे, रडणारच. तिला म्हटलं, सुट्टी लागली की येतेच. तिचा बाबा अमोलही पुण्याहून महिन्याकाठी अकोल्याला चक्कर मारणार आहे. निभेल.

१४ नोव्हेंबर

आज ट्रक गेले. भांडी, गोधड्या, कोंबड्या, सगळं वर चढलं, मग माणसं चढली. मी पाण्याचा हंडा भरून ठेवला होता. म्हटलं, रडारड होईल, मुलं ट्रकमागे धावतील, कोणाला सावरावं लागेल.

कोणीही रडलं नाही. ट्रक वळणाआड जायच्या आधीच मुलं पाठ फिरवून खेळायला गेली होती. नऊ वर्षांचा राजपाल भोवऱ्याला दोरी गुंडाळत होता. त्याची आई वरून हात हलवत होती, पण त्याने वर पाहिलंच नाही. रडले ती एकटी मीच. संगीता नावाची थोडी मोठी मुलगी माझ्यासमोर उभी राहून निरखत होती, चूल पेटते की नाही ते पाहावं तशी.

गुरुजी कौतुकाने म्हणाले की इतकी शहाणी मुलं तुम्हाला कुठे मिळायची नाहीत. खरंच शहाणी आहेत.

२४ नोव्हेंबर

रविवारी आईबापांचे फोन येतात. माझ्या मोबाइलचा आवाज मोठा करून मी मुलांना ओळीने बसवते. जेवलो, बरा हाय, हो, हो, एवढं बोलून मूल फोन पुढे देतं. आज राजपालच्या आईने विचारलं, "मी आठवते का रे तुले?" तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "नाई." त्यात राग नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच.

पलीकडे ती हसली. मग तिचं हसणं कसंतरी झालं आणि फोन कट झाला.

३ डिसेंबर

विज्ञानाचे गुरुजी रजेवर, म्हणून मी वर्ग घेतला. उत्क्रांती हा माझा आवडीचा विषय. जिराफ झाला, माकड झालं, मग संगीताने विचारलं, "मंग आता मानसाचं बदलनं खतम झालं का, मॅडम?"

मला फार आनंद झाला. सांगितलं की नाही, आपण अजूनही बदलतो आहोत. मोठेपणी दूध पचणं ही माणसाच्या इतिहासात अलीकडचीच गोष्ट. उंच पहाडात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्यांचं रक्त विरळ हवेत निभावून नेतं. कित्येकांना अक्कलदाढ येतच नाही. जे बदल जगायला उपयोगी पडतात, ते असलेली माणसं जगतात, त्यांना मुलं होतात आणि बदल पुढे जातो. ज्यांना जमत नाही ती मागे पडतात. याला क्रूर म्हणायचं नाही, कारण उत्क्रांतीला स्वतःला काहीच वाटत नसतं.

संगीता मान हलवत राहिली. तिला पटलं होतं.

संध्याकाळी मेथी निवडताना मी गोमतीबाईंना सहज विचारलं की ही मुलं पहिल्यापासून अशीच का. त्या म्हणाल्या, "नाई वो. पयले लय रडत पोट्टे. टरकामागं धावायचे, रस्त्यानं जात राह्यचे, खातपीत नसत." मी विचारलं, मग पुढे काय झालं त्यांचं? त्यांनी देठ खुडत सांगितलं की कोणी तापाने गेलं, कोणी रस्त्यावर गेलं, कोणी सापडलंच नाही. जी रडली नाहीत ती वाढली, त्यांची लग्नं झाली, आणि ही त्यांचीच पोरं. "आता सुखाचं हाय," म्हणाल्या.

अमोलला फोनवर सांगितलं तर तो हसला. असल्या गोष्टींना हजारो वर्षं लागतात, दोनतीन पिढ्यांत काही होत नाही, म्हणाला. बरोबरच आहे. मी स्वतः हेच शिकले आहे.

१६ डिसेंबर

राजपालची आई गेली. कारखान्याकडे जाताना उसाची ट्रॉली उलटली.

गुरुजींनी आणि मी त्याला ऑफिसात बोलावलं. गुरुजी हजेरीची पानं चाळत बसले, म्हणून मी सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं की तिकडे जावं लागेल का. मी म्हटलं, बाप म्हणतो अंतर फार आहे, नाही पोचता येणार. "मंग मी जेवाले जाऊ?" म्हणाला.

मी त्याच्यामागे गेले. तो पंगतीत बसला, वरणात भाकर चुरली आणि आणखी एक भाकर मागून घेतली. कोणी त्याच्याशी वेगळं वागलं नाही. वाशीमच्या समुपदेशक बाईंशी बोलले. धक्का उशिरा बसतो, लक्ष ठेवा, म्हणाल्या.

लक्ष ठेवते आहे.

२९ डिसेंबर

अजून काही नाही. राजपाल रात्रीची झोप छान घेतो. त्याचं वजन वाढलं आहे.

किराणा आणायला आसेगावला फुरकानभाईंच्या दुकानात गेले. गल्ल्याशेजारी त्यांची पुतणी यूसरा चित्र रंगवत बसली होती. तिचे अब्बा चांद सौदीत असतात. तेवढ्यात त्यांचाच व्हिडिओ कॉल आला. फुरकानभाईंनी फोन तिच्यासमोर धरला. स्क्रीनवर तो माणूस "बेटा, इधर देख," असं परत परत म्हणत होता. ती रंग भरत राहिली. लाजते का, असं मी विचारलं. ते म्हणाले, नाही, पैदा झाल्यापासून अशीच आहे, अच्छी बच्ची आहे, कधी तंग करत नाही.

म्हणजे फक्त तांड्यातलीच नाहीत. जिथे जिथे आईबाप दूर आहेत —

मला आठवलं, माझ्या बहिणीची जुळी मुलं दिवसभर पाळणाघरात असतात आणि ती किती अभिमानाने सांगते की आमची मुलं मागे लागत नाहीत.

९ जानेवारी

आज एक मूल रडलं! किती बरं वाटलं मला.

मोहनसिंग नावाचा बाप ऊसतोडीवरून एवढ्या लांब येऊन मुलीला सोडून गेला. रंजीता, सहा वर्षांची. तिकडे फडाशेजारच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, आईला सोडेना, काम करू देईना, म्हणून मुकादमाने परत पाठवायला लावलं. तो निघाला तशी तिने त्याच्या पायाला मिठी मारली. त्याने बोटं एकेक करून सोडवली. ती फाटकाशी बसून मायला हाका मारत राहिली.

मी तिला उचलून घेतलं. अंगणात एकदम शांत झालं म्हणून वळून पाहिलं. सगळी मुलं खेळ थांबवून उभी होती. चिडली नव्हती, घाबरलीही नव्हती. फक्त पाहत होती, आणि हळूहळू एकमेकांच्या जवळ सरकत होती.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटला. ताट ओळीने पुढे गेलं आणि रंजीताच्या पुढ्यातून, ती तिथे नसल्यासारखं, पुढच्या मुलाकडे गेलं. मला वाटलं, चुकून. मग दुपारच्या जेवणालाही तसंच झालं. झोपायच्या खोलीत तिची सतरंजी मांडली, तर सगळ्या सतरंज्या थोड्या थोड्या सरकल्या आणि तिला जागाच उरली नाही. कोणी तिला मारत नाही, चिडवत नाही, धक्काही देत नाही.

संगीताला बाजूला घेऊन रागावले. काहून असं करता तिच्यासोबत? ती गोंधळली. "आमी काही केलं नाई, मॅडम." मग मलाच समजावल्यासारखी म्हणाली, "ते पोट्टी बिघडेल हाय ना. तशी टिकत नाई."

रंजीताला माझ्या खोलीत आणलं. माझ्या हातून दोन घास खाल्ले तिने.

१९ जानेवारी

मीटिंगला मंगरूळला जावं लागलं. रंजीताला गोमतीबाईंवर सोपवलं होतं.

दुपारी परतले, तर ती कंपाउंडच्या बाहेर, भिंतीला टेकून उन्हात बसलेली. फाटकाला आतून कडी. आवाज बसला होता, ओठ फुटले होते, अंग तापलेलं. आत मुलं आंधळी कोशिंबीर खेळत होती.

गोमतीबाई ओट्यावर कांदा चिरत होत्या. ऐकलं नाही का, असं मी ओरडून विचारलं. त्या म्हणाल्या, "आइकलं ना. रडूनच राह्यली होती." आणि चिरत राहिल्या. कांद्यानेही त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

२३ जानेवारी

रंजीता गेली. ताप उतरला नाही. दवाखान्यात सलाईन लावली होती, पण ती आतून जगायचं सोडून बसली होती, असं मला वाटलं. डॉक्टर वेगळं काही म्हणाले.

तिची आई आली. ती रडली, अगदी जमिनीवर पडून रडली. मी तिला धरून बसले. मला आधार वाटला, खोटं कशाला लिहू. मग ती उठली, डोळे पुसले आणि पदराखालचं तान्हं बाळ नीट घेतलं. इतका आक्रोश झाला, तरी ते बाळ हललंसुद्धा नव्हतं. माझ्याकडे टक लावून पाहत होतं.

"हा चांगला हाय," ती म्हणाली. "हा रडतच नाई."

उजाडता तिला परत कोपीवर जायचं होतं.

२७ जानेवारी

राजीनामा लिहायला बसले. दोन ओळी लिहिल्या. गुरुजी म्हणाले, दुसरी बाई मिळेपर्यंत थांबा.

उद्या परत बोलेन त्यांच्याशी.

हजारो वर्षं लागतात, हे बरोबर आहे. पण रडणारी सगळीच मेली तर? वेळ कशाला लागेल मग?

४ फेब्रुवारी

रेवाला फोन करायचा राहून गेला. किती दिवस, लक्षात नाही.

राजीनामा अजून टेबलावर आहे.

८ फेब्रुवारी

आई घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. रेवाला कोण सांभाळणार? अमोलला सुट्टी नाही. बहीण म्हणते, तिच्याकडे जागा नाही. भाऊ म्हणाला, तुझ्याकडे इतकी मुलं आहेत, तिथेच एक.

मी नको म्हटलं. ओरडले. निदान ओरडायचं होतं. तोंडातून निघालं ते, बरं, पुढच्या रविवारी आणून सोड.

१६ फेब्रुवारी

रेवा आली. मला पाहून हसली, मग मामा निघाला तशी रडायला लागली. आजीकडे जायचं म्हणते.

अंगणात खेळ थांबला.

मी तिला खोलीत नेऊन दार लावून घेतलं. खिडकीत संगीता. तिच्यामागे राजपाल. मी पडदा ओढला. जायला हवं इथून. उद्या सकाळच्या गाडीने — सामान बांधायचं आहे — जरा बसते आधी.

१८ फेब्रुवारी

सामान बांधलं नाही. का, ते सांगता येत नाही. रेवा रडते. आवाज येतो, पण पाऊस दुसऱ्या गावात पडावा तसा —

माझं तिच्यावर प्रेम आहे. माझं तिच्यावर प्रेम आहे. लिहून पाहिलं.

१९ फेब्रुवारी

जेवले. मुलांच्या पंगतीत बसले होते. ताट पुढे आलं, मी वाढून घेतलं, पुढे दिलं. पोटभर झालं.

हात धुताना लक्षात आलं, रेवा शेजारीच बसली होती. तिच्या पुढ्यात —

मी दिलं होतं पुढे. माझ्याच हाताने.

संगीता माझ्याकडे पाहून हसली. पहिल्यांदाच.

२० फेब्रुवारी

दुपार. बाहेर ऊन चांगलं आहे. तूर कापून झाली, शेत मोकळं दिसतं.

रेवा खोलीत नाही. मघाशी होती. अंगणातून तिचं रडणं येतं आहे — आई, आई — आता शाळेच्या पलीकडून. मुलांच्या पायांचा आवाज. कोणी बोलत नाही.

उठायला हवं. कळतं आहे मला, उठायला हवं. पाय आहेत, दार उघडं आहे.

छाती चाचपून पाहिली. धडधडत नाही. नेहमीसारखी चालू आहे.

रडणं थांबलं.

आता फार शांत वाटतं. एवढी ओळ पुरी करते आणि बघून ये