दाराबाहेरची अकरा माणसं

३ मार्च
पोचले एकदाची. चॅपेलला पुढच्या वर्षी दोनशे वर्षं होतील, म्हणून त्याचा इतिहास लिहायला मला बोलावलंय. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, लिहिणार मात्र पहिल्यांदाच. धाकटी बहीण म्हणाली, निदान तुझं पुस्तक कुणाला परीक्षेसाठी पाठ करावं लागणार नाही. वेदीमागची छोटी खोली मला दिलीय. उंचावर गजांची खिडकी, खाली समुद्राची गाज. येण्याजाण्याला चॅपेलचं मोठं दार तेवढंच. झाडलोट करणारी मावशी चहा घेऊन आली आणि तासभर गप्पा मारत बसली. बाई मला फार आवडली.

७ मार्च
जुन्या नोंदवह्या चाळतेय. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. आज एका पाद्र्याच्या हातचं पान सापडलं. तापाची साथ लागलेल्या जहाजातून अकरा माणसं किनाऱ्यावर उतरवली. घाबरून सगळी वस्ती चॅपेलमध्ये शिरली आणि आतून अडसर घातला. बाहेरचे दोन दिवस दार ठोठावत होते. त्यांत एक बाळंतीण. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला, मग दार उघडलं. पाद्र्याने अकराही नावं लिहिलीत. खाली एकच ओळ : अडसर मी घातला.

९ मार्च
फादरना पान दाखवलं. भला माणूस. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. म्हणाले, त्याच घरांतली पतवंडं आज इथे राहतात, सोहळ्याच्या पुस्तकात हे कशाला? पण ठरवायचं माझ्यावर सोडलं. मावशीला विचारलं. ती म्हणाली, “लिहा बाई. त्यांचं कुणी नावसुद्धा घेत नाही.”

१२ मार्च
पान शेगडीवर जाळलं. नुसतं वगळता आलं असतं. पण उद्या कुणी विचारलं असतं, तुम्ही वाचलं नव्हतं का? पुस्तक देखणं व्हावं, लोकांनी कौतुक करावं, एवढ्यासाठी. मावशीला सांगितलं, पान हरवलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि केर काढू लागली.

१४ मार्च
भर दुपारी दार वाजलं. उघडलं तर कुणी नाही. पायऱ्या ओल्या. मग आणखी तीनदा. फार दमलेले हात. आणि आवाज खालून, उंबऱ्यालगतून. उभं राहायची ताकद नसलेल्या माणसाने वाजवावं तसा.

१५ मार्च
आजही. नावं आठवून लिहावीत म्हणून बसले. अकरांतलं एकही आठवत नाही.
अडसर घातला.

१६ मार्च
सकाळपासून ठोठावणं. खालूनच. मध्येच कुणीतरी म्हणालं, बाई, उघडा. मी कानांवर उशी दाबून—
दुपारी थांबलं.

१७ मार्च
ती मावशी होती.
काल संध्याकाळी फादरांची हाक ओळखून दार उघडलं. ती पायरीवर. छातीत कळ आली असणार. डॉक्टर म्हणाले, कुणी वेळेवर पाहिलं असतं तर—
मी म्हणाले, मला काहीच ऐकू आलं नाही. फादरांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

१८ मार्च
तिला पुरलं. तिची लेक माझ्या गळ्यात पडून रडली. तेव्हा तरी सांगायचं. तोंड उघडलं, आणि—

१९ मार्च
पुन्हा. आता बारा जण.
उघडते. काहीही होवो, उघडते.
अडसर काढला. दार ओढतेय, हलत नाही. बाहेरून कुणीतरी घट्ट धरून—
मी ठोठावलं. बाहेरचे सगळे गप्प झाले. ऐकताहेत.
मावशी, सांगते. तुझ्या लेकीला सांगते, फादरना सांगते. मला ऐकू आलं होतं, मी—