दिवाळीची पहाट कोणाकडे?

७ सप्टें.
निखिलची हर्नडनची नोकरी पक्की, अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला. घटस्फोट तर ठरलेलाच. मी फ्रीमाँटलाच राहणार. प्रश्न इराचा. नऊ वर्षांची पोर, आणि तिच्यासाठी दोघांनी वकील गाठलेत. शेजारच्या मंगलकाकू म्हणाल्या, "कोर्टात जज तुमचं किती ऐकणार गं? आधी मीडिएटरकडे जाऊन बघा." दोघांत मध्यस्थी करणारी कोणीतरी गोडबोली बाई असणार. तरी हो म्हटलं.

१३ सप्टें.
मीडिएटरचं नाव लॉरेन. साठीची, पायात स्नीकर्स. बसल्या बसल्या सांगून टाकलं, "निकाल मी देणार नाही, तो तुम्हीच द्यायचा." मग बाई, तुझा उपयोग काय? नियम एकच: दुसऱ्याचं बोलणं तोडायचं नाही. निखिलचं सलग बोलणं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. संताप झाला. पण ऐकलं.

२७ सप्टें.
बाई कमाल आहे. शाळा इथे, माझ्याकडे. उन्हाळाभर इरा हर्नडनला. वकिलांच्या ईमेल्समधून जे हललं नव्हतं, ते समोरासमोर बसून सुटलं. थँक्सगिव्हिंग त्याला, ख्रिसमस मला, फटाफट. दिवाळी आली आणि दोघंही अडून बसलो.

४ ऑक्टो.
आज पहिल्या आंघोळीच्या पहाटेवरून सरळ मराठीत जुंपली.
"दर वर्षी ओरडून उठवतेस तू!"
"मग फराळ काय आकाशातून पडतो?"
लॉरेनला ओ की ठो कळत नव्हतं. तरी थांबवलं नाही. आम्ही दमल्यावर म्हणाली, "तुमची भाषा मला येत नाही. पण इराचं नाव ओळखता येतं. इतक्या वेळात ते एकदाही ऐकू आलं नाही."
निखिल चष्मा पुसत बसला. मला रडू फुटलं. भाषा येणाऱ्या इतक्या जणांनी समजावलं आम्हाला, त्यांच्यापैकी कोणाच्या हे लक्षात आलं नव्हतं.
मग तिने विचारलं, त्या पहाटे इरा काय करते? सांगितलं. अंधारात उठते, तेल, उटणं, कढत पाण्याने आंघोळ, मग फराळ.
"तेल कोण लावतं?"
निखिल.
"आणि तुम्ही?"
मी फराळाची ताटं मांडते. आणि आटपा आटपा करते.
"म्हणजे तिच्या पहाटेत दोघंही आहात," एवढंच म्हणाली. निखिलने त्या सकाळपुरतं माझ्या घरी यावं का, हे मी ठरवायचं. घाई नाही म्हणाली. माझ्याकडून हो वदवून घेतलं नाही, हेच मला फार आवडलं. अडचणही तीच. आता दोष द्यायला कोणी नाही.

११ ऑक्टो.
अजून ठरत नाही. तो परत याच दारातून आत येणार, चपला जुन्या जागी काढणार... आणि मी चहा विचारणार?
मंगलकाकू: "विचार की. चहाच आहे."

१८ ऑक्टो.
इराला घेऊन इंडियन स्टोअरमध्ये. उटणं लगेच मिळालं. तेलांसमोर मात्र थबकले. निखिल तिला कुठलं लावतो? इतक्या दिवाळ्या झाल्या, मी कधी पाहिलंच नाही. इराला विचारलं.
"द वन दॅट स्मेल्स लाइक बाबा."
झालं. गाडीत येऊन निखिललाच मेसेज केला, तेल कुठलं वापरतोस?
लगेच उत्तर: "मी घेऊन येऊ?"
मागच्या सीटवरून इरा विचारत होती, "आई, व्हाय आर वी नॉट गोइंग?"
घरी आलो. त्याचा मेसेज अजून तसाच आहे, उत्तर न दिलेला. उटणं इराने बाथरूममध्ये नेऊन ठेवलंय.