एफुआचा सत्कार आणि अकरा जणींचं ‘नाव नको’

क्लेमेंटी, सिंगापूर
४ ऑक्टोबर २०१६

ती. सविताआत्यास,

स्मिताचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या अर्ध्यापर्यंतच, उरलेला दिवाळीत पुण्याला येऊन पूर्ण करीन). तुझा गुडघा काय म्हणतो? काकांनी सकाळचं फिरणं खरंच सुरू केलं, की अजूनही कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन, पेपर वाचून परत येतात? आम्ही सगळे ठीक. निशिकांत रोज कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला जातो आणि येताना शर्टाला रसायनांचा वास घेऊन येतो. गार्गीची परीक्षा चालू आहे, म्हणजे अभ्यास सोडून बाकी सगळं चालू आहे. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि मग मी तुझ्याशी बोलत नसते, तुझ्या अख्ख्या जिन्याशी बोलत असते. आमच्या वरच्या मजल्यावरची प्रणिता उद्या माहेरी कोथरूडला निघते आहे, तिच्या हाती हे देते. ती एकोणीस तारखेला परत येणार आहे, एवढं लक्षात असू दे.

आत्या, मी चिडले आहे. आज पाचवा दिवस. एप्रिलपासून आमची मागची खोली आम्ही एफुआ क्वान्सा नावाच्या घानाच्या पत्रकार बाईला दिली आहे, हे तुला बोलले होतेच (तू ‘शाकाहारी आहे का’ एवढंच विचारलं होतंस). इथल्या विद्यापीठात ती सहा महिन्यांच्या अभ्यासवृत्तीवर आली आहे. तिची मोठी बहीण केप कोस्टच्या बाजारात रंग उजळवणारी क्रीमं विकायची आणि स्वतःही लावायची. बहिणीच्या गालांवर काळेनिळे चट्टे उठले तेव्हा एफुआ तिथल्या रेडिओवर हवामान वाचत असे. एका संध्याकाळी हवामान वाचून झाल्यावर तिने त्या क्रीमच्या डबीवरचं लेबल वाचून दाखवलं. रेडिओने तिला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं, आणि तेव्हापासून सतरा वर्षं ती कुणाचीच नोकर नाही. सात वर्तमानपत्रांनी तिचं छापलं, ओळखपत्र एकानेही दिलं नाही. बाजारातल्या बायकांनी तिला दोनदा पळवून लावलं, एकदा तर केळ्यांचा घड उगारून. तिसऱ्यांदा त्यांनीच बोलावून घेतलं, आमच्या मुलींना समजावून सांग म्हणून. मग लिहिता लिहिता ती त्यांचं गाऱ्हाणं घेऊन सरकारदरबारी जायला लागली. आरोग्यखात्याच्या बाहेरच्या बाकावर एकोणीस वेळा बसली. विसाव्या वेळी साहेबांनी आत बोलावलं, कारण बाकाला रंग द्यायचा होता. आता लंडनचं एक मासिक तिचा या विषयावरचा मोठा लेख छापणार आहे आणि त्यात सिंगापूरवर एक अख्खा भाग आहे. अट एकच: इथे मिळालेली निदान एक हकीकत कुणीतरी आपल्या खऱ्या नावानिशी सांगितली पाहिजे. मुदत बावीस ऑक्टोबर. नाव मिळालं नाही तर तो भाग रद्द, आणि तिची सहा महिन्यांची मेहनत पाण्यात.

म्हणून मी तिला इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्नेहमेळाव्याला प्रमुख पाहुणी म्हणून सुचवलं. एवढ्या बायका एका हॉलमध्ये पुन्हा कधी सापडणार? आमचा अध्यक्ष प्रबोध बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, मनाने चांगला आहे, पण त्याचा पहिला प्रश्न, “वहिनी, बाई छानच आहेत, पण कुठल्या कंपनीत?” मी म्हटलं, कुठल्याच नाही, त्या फ्रीलान्स आहेत. तो हळहळला. (इथे माणसाची ओळख म्हणजे त्याचा नोकरीचा पास आणि पासवरची कंपनी. हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत नूडल्स खातानासुद्धा आमची माणसं गळ्यातला पट्टा काढत नाहीत.) “म्हणजे सध्या शोधताहेत. आपण सीव्ही फिरवू,” असं म्हणून त्याने तो खरोखरच फिरवला. इथल्या आंग मो किओ भागातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीतून एफुआला बोलावणं आलं. तिला वाटलं, आपल्याला मुलाखत द्यायला कुणीतरी तयार झालंय. ती वही घेऊन गेली. समोरचा बाबाही वही घेऊन बसला होता. त्याने विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? हिने विचारलं, तुमच्याकडे काम करणाऱ्या बायका चेहऱ्याला काय लावतात? चाळीस मिनिटं दोघेही लिहून घेत होते. एफुआला दोन पानं मजकूर मिळाला आणि कंपनीने ‘आपला अनुभव आमच्या गरजांशी जुळत नाही’ असं कळवलं. गार्गी एवढंच म्हणाली, “मा, फ्रीलान्स इज अ जॉब, लाह.” पोरीचं मराठी गेलं, पण अक्कल शाबूत आहे.

गेल्या शुक्रवारी मेळावा झाला. एफुआचा परिचय मी अर्ध्या पानात लिहून दिला होता (वीस वर्षं उपसंपादक होते, अर्ध्या पानात मी राज्य सरकार बसवलेलं आहे). प्रबोधने तो पंचवीस मिनिटं वाचला. मग आपल्या रीतीप्रमाणे आधी सत्कार, मग भाषण. शाल झाली, नारळ झाला आणि तिसरी वस्तू आली ती प्रायोजकांची भेट. प्रायोजक प्रबोधनेच मिळवले होते, सौंदर्यप्रसाधनं आयात करणारे. सोनेरी खोकं, आत सहा डब्या, वर लिहिलेलं, एकवीस दिवसांत गोरेपणा. आत्या, सतरा वर्षं जी बाई त्या डबीविरुद्ध लढली तिच्या ओंजळीत आम्ही ती डबी ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. कुणाला काही वाटलंही नाही. फोटोग्राफर तर म्हणाला, खोकं जरा वर धरा.

एफुआ रागावली नाही. तिने लिहून आणलेलं भाषण पर्समध्ये ठेवलं, एक डबी उघडली आणि माइकसमोर उभी राहून आयातदाराचं स्टिकर नखाने खरवडायला लागली. हॉलमध्ये फक्त त्या खरवडण्याचा आवाज. स्टिकरखाली दुसरं स्टिकर निघालं. ते काढल्यावर घटकांची यादी निघाली, ती तिने सावकाश वाचून दाखवली, आणि यादीच्या शेवटी ‘इत्यादी’ असं छापलेलं होतं. ती म्हणाली, सतरा वर्षांत मी पुष्कळ लेबलं वाचली, ‘इत्यादी’ पहिल्यांदाच पाहते आहे. हे इत्यादी म्हणजे काय, समोर बसलेले प्रायोजक सांगतील का? प्रायोजक उठून पार्किंगकडे गेले. प्रबोधने ‘दोन मिनिटं, जेवण गार होतंय’ अशी चिठ्ठी पाठवली आणि भाषण संपलं.

यानंतर जे झालं त्याने मी चिडले. जेवणाच्या रांगेशेजारी एफुआपुढे दुसरी रांग लागली. अकरा बायका, हातात ताटल्या. एफुआने वही उघडली, तिचे डोळे भरून आले होते. पहिलीने हळूच विचारलं, “मग यातली कुठली लावली तर चालेल?” दुसरीनेही तेच. अकराही जणींनी तेच विचारलं, आत्या. बोलत्या केल्यावर मग एकेक निघायला लागलं. एकीने लग्नाआधी वर्षभर लावलं होतं, एकीला डॉक्टरांनी बंद करायला सांगूनही चोरून चालू आहे, एक तर शाळेच्या फोटोआधी सहा वर्षांच्या लेकीला लावते. सगळं सांगून झालं की प्रत्येकीचं एकच, “पण नाव नको हं.” एकीला सासूची भीती, एकीच्या नवऱ्याचं प्रमोशन, एकीच्या मुलीचं पुढे लग्न व्हायचंय (मुलगी सात वर्षांची). शिकलेल्या, कमावत्या बायका! स्वतःच्या घराच्या कर्जावर सह्या करतात, एफुआच्या फॉर्मवर नुसतं नाव लिहायचं तर नको म्हणतात. हे सगळं मी निशिकांतला पाच दिवस रोज सांगते आहे. काल त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. पुरुषांना हे कळायचं नाही.

काकांना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव, जाहिरातीतलं नको, साधं तिळाचं.

तुझी,
स्मिता

ता. क. पाकिटात एक फॉर्म आहे, तो घाबरून फेकू नकोस. १९९१ साली निशिकांतकडचे मला बघायला येणार होते, तेव्हा तू मस्कतहून आलेली एक ट्यूब चाळीस दिवस, दिवसातून दोनदा, अंगठ्याने माझ्या तोंडाला चोळत होतीस. कानाखालचा चट्टा अजून आहे, मी केस त्यावरून घेते. हे मी एफुआला सांगितलं. ती म्हणाली, मला कुणीतरी लावलं असं सांगणाऱ्या शेकडो भेटतात. मी दुसरीला लावलं असं नावानिशी सांगणारी एकही भेटलेली नाही. तू प्रेमानेच लावलंस, तसंही लिहिणार आहे ती. फक्त नाव, वय आणि सही, आणि प्रणिताच्या हाती परत.

ता. क. २. लेखात माझं नाव नाही, ‘मुंबईची एक भाची, गृहिणी’ असं घालायला सांगितलं आहे (पुणेसुद्धा नको म्हटलं). मंडळाच्या अंकाची मी संपादक, शिवाय निशिकांतच्या ऑफिसातले लोक वाचतात. तू समजून घेशील.

ता. क. ३. पाकीट पुन्हा उघडलं आहे. एफुआने विचारलं, एवढं लांबलचक काय लिहिलंस, म्हणून इंग्रजी करत वाचून दाखवलं. ता. क. २ तिने पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाली, माझ्या बातमीसाठी आपल्या आत्याला पुढे करणारी तूच पहिली. तिने टोमणा मारला नव्हता, नुसतं नोंदवलं होतं, त्यामुळे जास्त लागलं. मी माझा फॉर्म आत्ताच भरून दिला, पूर्ण नावाने, पुण्यासकट, आणि कान उघडा ठेवून फोटोही काढू दिला. तेव्हा तुझ्यावर सक्ती नाही. तू सही केली नाहीस तरी बावीस तारखेला तिच्याकडे एक नाव आहे. पण केलीस तर लावणारी आणि लावून घेणारी, दोघी एका पानावर येऊ. मी वय चव्वेचाळीस लिहिलं होतं. तिने पासपोर्ट मागितला आणि माझ्याच हाताने शेहेचाळीस करायला लावलं. तेव्हा तूही खरंच लिही, ती तपासते.