कमलबाईचं खळं आणि घडीव पाचर

जिंतूर,
रविवार, दुपार

प्रिय नागेशराव,

सप्रेम जयभीम. तुमच्या गुडघ्याचं बबिताने सांगितलं. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने गुडघा जपावा, नाहीतर मजला बदलावा. राजेश्रीवहिनींची तब्येत चांगली असणार, कारण एवढं जड पार्सल त्यांनी स्वतः उचलून एसटीत ठेवलं. आमचं ठीक. तुमच्या बहिणीची तहसील कचेरी चालू आहे. माझं निवृत्त असणं चालू आहे.

पार्सल सुखरूप पोचलं. वस्तू उत्तम आहे. उणीव एकच, ती मी मागितलेली नव्हती. त्या दिवशी तुम्ही घरी नव्हता. फोन वहिनींनी घेतला. मी (जन्मभर महाविद्यालयात मराठी शिकवल्याने जडलेल्या सवयीने) म्हणालो, "नागेशरावांना सांगा, एक चांगली घडीव पाचर पाठवा." वेज (चेंडू उंच उचलणारी गोल्फची काठी) म्हणजे पाचर. फोर्ज्ड म्हणजे घडीव. कुठलाही शब्दकोश काढून बघा. वहिनींनी शब्दकोश काढला नाही. त्यांनी सरळ लोखंडाचं दुकान गाठलं आणि ओंडके फोडायची पाचर आणली. तीही घडीव. पार्सल उघडलं तेव्हा दत्तराव आमच्या घरी होते. (आपले बँकेतून निवृत्त झालेले दत्तराव. तुमची पुण्याला बदली झाल्यावर येलदरी रस्त्याच्या माळावर गोल्फ खेळणारे आम्ही दोघेच उरलो.) त्यांनी पाचर हातात तोलली, उलटीपालटी केली आणि गंभीरपणे विचारलं, "सर, ह्याला दांडा कुठं बसवायचा?" मग ते बराच वेळ खुर्ची धरून हसले. वहिनींना यातलं काही सांगू नका. पाचर वाया गेलेली नाही. ते पुढे येईल.

आता मूळ अडचण. माळावर गवत नाही, हे तुम्ही जाणता. चेंडू शेवटी जिथे घालायचा ती जागा तुम्हीच शोधली होती: कमलबाईंचं खळं. मळणीयंत्रं आल्यापासून तिथे बैल फिरत नाहीत. बैल बांधायची मधली मेढ निघाली, तिचा खड्डा राहिला. शेणाने सारवलेली गोल गुळगुळीत जमीन आणि मधोमध आयता खड्डा. असं हिरवळीवाल्यांना मिळत नाही, असं तुम्ही म्हणाला होता, आणि पुण्याला जाताना सगळ्या काठ्या आम्हाला देऊन वेज तेवढी बरोबर नेली होती. (दोष देत नाही. नोंद करतो.) त्यामुळे खळ्याच्या काठाशी आलो की आम्ही नऊ नंबरची काठी वापरतो. ती चेंडू उचलत नाही, हाकलते. चेंडू सपाट येतो, सारवणाचा पोपडा उडवतो, खड्ड्याकडे न बघता पलीकडच्या हरभऱ्यात शिरतो. मागच्या आठवड्यात कमलबाई तिथेच तूर निवडत बसल्या होत्या. माझा चेंडू त्यांच्या सुपात पडला. त्या उठल्या नाहीत. सूप पाखडलं, चेंडू बाजूला काढला आणि म्हणाल्या, "सर, हे खळं हाय का निशानबाजीचं मैदान? हरभरा काढणीला आलाय. तो इथंच वाळत घालायचाय. त्याच्या आत अजून एक पोपडा उडाला, तर चेंडूबी जमा अन् माळबी बंद."

माळ त्यांचा आहे. बंद म्हणजे बंद. दत्तरावांना निदान नातवंडं आहेत. मला संध्याकाळी साडेपाचनंतर दुसरं काही नाही.

म्हणून मी अभ्यास केला. निष्कर्ष थोडक्यात लिहितो (दत्तरावांना थोडक्यात सांगितला तेव्हा ते झोपले). वेजचं तोंड जितकं मागे कललेलं, तितका चेंडू वर जातो आणि वेग न घेता खाली येतो. आम्हाला छप्पन्न अंश हवेत. साठ अंशांची पट्टीच्या खेळाडूंसाठी असते; ती आमच्या हाती दिली तर चेंडू डोक्यावर पडेल. दुसरं, तळ. वेजच्या तळाला फुगवटा असतो. मऊ जमिनीत तो काठी रुतू देत नाही, पण आमच्या मुरमावर तोच आपटून उसळतो आणि काठीची धार चेंडूच्या पोटात बसते. तेव्हा फुगवटा कमीत कमी. तिसरं, घडीव की ओतीव. ओतीव लोखंड साच्यातून निघतं आणि हाताला काही सांगत नाही. घडीव मऊ असतं, चेंडू नेमका कुठे लागला ते मनगटाला कळतं. चारठाण्याच्या जुन्या देवळातले कोरीव खांब आणि आमच्या कॉलनीच्या कमानीचे सिमेंटचे खांब यांत जो फरक आहे, तोच हा. दत्तराव म्हणाले, "सर, चेंडू कुठं लागला ते मनगटाला कळून काय करायचं? कमलबाईला कळतंयच की." त्यांना वेज हा शब्दही नीट पचलेला नाही. नॉनवेज काठी कुठे मिळते, असं ते रोज विचारतात.

घरची हरकत वेगळी निघाली. बबिताची सगळी नोकरी दाखले तपासण्यात गेली. फोर्ज्ड या शब्दाचा तिला एकच अर्थ माहीत आहे. फोर्ज्ड सही, फोर्ज्ड सातबारा, फोर्ज्ड जातीचा दाखला. मी फोनवर तुमच्याकरता निरोप ठेवल्यावर तिने आतून घडीव म्हणजे काय ते विचारलं, मी फोर्ज्ड म्हणालो, आणि ती पोळी तव्यावर सोडून बाहेर आली. "नागेशला म्हणावं, पाठवायचं तर ओरिजिनल पाठव. असल्या भानगडीत माझं नाव येता कामा नये." मी घडीव या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. पोळी करपली. (तुमच्या घराण्यात व्युत्पत्तीला मान नाही.)

आता पाचरीचं. कमलबाईंच्या बांधावर तोडलेल्या बाभळीचं खोड कधीपासून पडून होतं. कुऱ्हाडीला दाद देत नव्हतं. आम्ही दोघे माफी मागायला गेलो, तेव्हा दत्तरावांनी पिशवीतून पाचर काढून भेट दिली. (मला न विचारता.) कमलबाईंनी ती तिथेच खोडात बसवून घणाने ठोकली. खोड फुटलं. त्यांचा चेहरा बदलला. "ही लय कामाची हाय," त्या म्हणाल्या, "असलं काही खेळत जा की, सर." त्या खुशीत माळ तूर्त चालू ठेवायला तयार झाल्या. एक अट घातली. किरकोळ आहे. इथे जागा अडवत नाही.

तेव्हा घडीव वेज, छप्पन्न अंश, तळ सपाट. दुकानात जाऊन स्वतः हातात धरून बघा. या वेळी वहिनींना त्रास देऊ नका. हरभरा काढणीला आलाय, एवढं ध्यानात ठेवा. गुडघ्याला जपा.

तुमचा,
सिद्धोधन

ता. क. वेजबरोबर हातमोजे पाठवा. गोल्फवाले एकाच हातात घालतात असं वाचलं. मला दोन्ही हातांचे हवेत, कोपरापर्यंत असतील तर बरं. आत ओल जाऊ नये. कमलबाईंची अट अशी की ज्याच्या चेंडूने पोपडा उडाला, त्याने तेवढी जागा सारवून द्यायची. दत्तराव पाठीचं कारण सांगून नुसते उभे राहतात आणि "सर, तिथं ऱ्हस्व झालं, जरा दीर्घ सारवा" असं सांगतात.

ता. क. २. पत्र पाकिटात घालण्याआधी माळावर जाऊन आलो. कमलबाई मी सारवलेली जागा पायाने चाचपून म्हणाल्या, "सर, तुमचा हात बसला. आता ह्या बाजूनंबी चार-दोन पोपडे उडवा, म्हंजे हरभरा यायच्या आत सगळं खळं होऊन जाईल. न्हाईतर मला दुसरा माणूस बघावा लागंल." मी घरी येताना विचार केला. घडीव वेजने चेंडू अलगद बसणार. पोपडा उडणार नाही. मग माळ कशाला चालू राहील? तेव्हा वेज पाठवू नका. हातमोजे तेवढे पाठवा.

ता. क. ३. पार्सलवर गोल्फचं सामान असं ठळक लिहा. बबिताने काल माझे हात हुंगले. येलदरी धरणाच्या पाण्याला वास येतो, असं मी सांगितलं. मी सारवतो हे तिला कळता कामा नये. आमच्या घरात फरशी आहे, पण ती पुसावी लागते.