वरच्या मजल्यावरची सून-ही

९ मार्च १९९७, रविवार

आले एकदाचे! हे गेल्यापासून वरचा मजला रिकामाच होता. आता एमआयडीसीतल्या नव्या कोरियन कारखान्यानं भाड्यानं घेतला आहे, त्यांच्या एका इंजिनियरसाठी. टेम्पोतून खोकी उतरली, एक भलीमोठी मातीची बरणी उतरली, आणि मग नवरा-बायको. मिस्टर पाक मला बघून कमरेत वाकले. मीही वाकले. ते पुन्हा वाकले. मग मी. कंपनीचा सुनील मध्ये पडला नसता तर अजून आम्ही तिथंच असतो!

बायको लहानखुरी. सव्वीस-सत्तावीसची असेल. डोळे खाली.

१४ मार्च

ती बाहेर पडतच नाही. दोरीवर कपडे येतात, जातात. माणूस दिसत नाही. खिडकीचा पडदा तेवढा हलतो.

मला माझी खिडकी आठवली. पुण्याच्या कॉन्व्हेंटमधली. वडिलांची, दादांची, पलटण खडकीला होती. साहेबाच्या शब्दावर त्यांनी मला आठव्या वर्षी तिथं घातलं. मराठी बोलायचं नाही, इंग्रजी येत नाही—मग बोलायचं काय? आडनाव 'भिंगारदिवे' म्हटलं की मुली खिदळायच्या. त्या खिडकीतून मी नुसते टांगे बघत बसायची.

काहीतरी करायला हवं. कारखान्याची आणखी दोन कुटुंबं आहेत, एक सावेडीत, एक मनमाड रोडला. तिघी बायकांना दर बुधवारी चहाला बोलवावं. आपल्याकडच्याही दोघी-तिघी.

२ एप्रिल, बुधवार

पहिला बुधवार. भरतकामाचा टेबलक्लॉथ काढला. सिस्टरनी शिकवलेला केक केला. ठेवणीतले कप. समोरच्या गोजरबाई इरकल नेसून आल्या. यशोधरा आली—माझी जुनी विद्यार्थिनी, आता प्रसूतिगृहात नर्स आहे. मिसेस पाक, मिसेस चोई, मिसेस इम. सगळ्या भिंतीला लागून खुर्च्यांवर, दवाखान्यात नंबर लावल्यासारख्या!

"व्हेरी नाईस." "थँक यू." "मोअर केक?" "नो, थँक यू." संपलं.

मिसेस पाक कप उचलून स्वयंपाकघरात निघाली. मी हातातून काढून घेतला. पाहुणीनं कप उचलायचा? छे!

१६ एप्रिल

आज फक्त मिसेस पाक आली. बाकीच्यांचं डोकं दुखतं म्हणे. दोघींचंही!

उरलेला केक मीच खाल्ला. तेच जेवण. एकटीसाठी कोण कणीक भिजवतं?

६ मे

गोजरबाईंची वर्षाची मिरची दरवर्षी आमच्या गच्चीवर वाळते. त्यांच्या घरावर लिंबाची सावली आहे. दुपारी वरून हसण्याचा आवाज. दोन बायकांचा! गुडघे सांभाळत चढले. लालभडक मिरची पसरलेली, एका बाजूला गोजरबाई, दुसऱ्या बाजूला मिसेस पाक उकिडवी बसून चटाचट देठं खुडतेय.

मी ओरडलेच, "अहो गोजरबाई, पाहुणीला काम काय लावता?"

"मी कुटं लावलं? आपली आपन बसली. आन् बाई, तुमी पाव्हनी पाव्हनी करून मारचाल तिला एक दिस. खुर्चीवं बसून कुनाचं मन लागलंय व्हय?"

मिसेस पाकनं मिरचीकडे बोट केलं, मग लांब कुठंतरी. "माय मदर. रूफ. सेम." आणखी एक देठ खुडून म्हणाली, "मदर फिनिश." आणि खुडत राहिली.

गोजरबाईंनी हात थांबवला नाही. "नाव काय गं तुजं?"

बऱ्याच खाणाखुणांनंतर तिला कळलं. छातीवर बोट ठेवून म्हणाली, "सून-ही."

"व्हय, सून ही. दिसतंय की. पन कुनाची?"

"सून-ही."

"अगं, तेच म्हनते मी. सून ही—पन कुनाची?" मग माझ्याकडे बघून, "तुमची का काय, बाई? तुमच्या चेतननं लगीन कदी केलं?"

मी इतकी हसले की तोल जाऊन मिरचीतच बसले. पदर डोळ्यांना लावला, तर आग! मग तिघींचे डोळे वाहू लागले.

शाळेत एके दिवशी सिस्टर फिलोमिना मला म्हणाल्या होत्या, या फर्नच्या कुंड्या आजपासून तुझ्या, पाणी तूच घालायचंस. त्यानंतर त्या खिडकीशी मी बसल्याचं मला आठवत नाही. हे मला केक करताना कसं आठवलं नाही?

९ मे

चांगुणा भाजीवाली विचारते, "बाई, सून भात खाती का भाकर?"

११ मे

चेतनचा बंगलोरहून फोन. "आई, माझं लग्न झालं म्हणे! मला बोलवायचं तरी!" नगरची बातमी बंगलोरला पोचली. म्हटलं, तू करत नाहीस, म्हणून लोकांनी केलं.

२२ मे, बुद्ध पौर्णिमा

सून-हीला विहारात नेलं. ती मूर्तीसमोर गेली, गुडघे टेकले, कपाळ टेकलं, तळहात उलटे करून वर उचलले. तीन वेळा. मग सगळ्यांत म्हाताऱ्या भिमाबाई म्हणाल्या, "आरं, ही तर आपलीच हाय." लगेच बायकांनी तिला मधे ओढलं. तिच्या हातात खिरीचा डाव दिला, वाढ म्हणून. मी काही सुचवलं नव्हतं हं!

छपन्न साली दिवाळीच्या सुट्टीत घरी आले, तर देव्हाऱ्याचा कोनाडा रिकामा. दादा नागपूरहून दीक्षा घेऊन आलेले, चेहरा नुसता उजळलेला. आई मात्र कोनाड्यासमोरून जाताना सवयीनं हात जोडायची आणि मग खाली घ्यायची. तेच घर, तीच चूल, पण बाई नव्या मुलखात आल्यासारखी चाचपडत होती. शेजारणी विचारायच्या, आता तुमी सणाला काय करता? तिला उत्तर येत नव्हतं. वस्तीतल्या बायका एकमेकींना विचारत विचारत शिकल्या. कुणा एकीला काही येत होतं असं नाही.

२५ जून, बुधवार

हल्ली बुधवार गच्चीवर असतो. केक बंद. कप ज्याचे त्यानं विसळायचे. आज ढीगभर लसूण सोलला. चोई आणि इम दोघी आल्या—डोकी दुखायची थांबली. चोई भांडखोर आहे, मला फार आवडते.

यशोधरानं अकोले तालुक्यातून, माहेरून, तांदूळ आणला. आपल्या बाजारातला मोकळा होतो, यांना हवा चिकट. सून-हीनं तिथंच शिजवला. पहिला घास तोंडात घेतला आणि चावायचंच विसरली. मग आम्हा प्रत्येकीच्या हातावर एकेक गोळा ठेवला.

१८ जुलै

यशोधरानं सांगितलं, सून-हीला दिवस गेलेत. जानेवारीत होईल.

बाळंतपण कुठं? आई नाही. सासर तिकडं कुठंसं डोंगरात. सासू बोलत नाही म्हणे, नुसती बघते. इथं नवरा सकाळी आठला जातो तो रात्रीच येतो. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते. हिनं कुठं जायचं?

१९ जुलै

तिनं जाऊ नये असं वाटतं. असं वाटणं बरं नाही.

३ सप्टेंबर

रोज चारला खाली येते. मराठी शिकायला. मी पुस्तकातलं शुद्ध शिकवते, आणि ही बोलते "लई भारी" आणि "न्हाई वो"! सगळं गोजरबाईंचं. येताना एका वाटीत काहीतरी असतंच. आज भोपळ्याचं थालीपीठासारखं. "आजी, खा. गरम." मी खाईपर्यंत धडा उघडत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

मिस्टर पाक खाली आले होते. "वाइफ गो कोरिया. नोव्हेंबर. डिलिव्हरी देअर, बेटर." मी कॉन्व्हेंटच्या आवाजात म्हटलं, "ऑफ कोर्स." मग आत जाऊन उगाच डबे पुसले.

१५ ऑक्टोबर

आज गच्चीवर सून-ही म्हणाली, "डॉक्टर—विमान न्हाई. पोट न्हाई चालत." यशोधराला विचारलं, काही धोका आहे का गं? ती म्हणाली, "डॉक्टर म्हणत असतील तर असेल, बाई." आणि लसणाकडे वळली.

म्हणजे इथंच! मला काळजी वाटायला हवी. वाटली. पण आधी आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

२८ ऑक्टोबर

दिवाळी आमच्याकडे नसते, पण गोजरबाईंच्या फराळाला हात लावायला सगळ्या जमलो. चोईनं करंजीला अशी मुरड घातली की गोजरबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. कोरियात मोदकासारखं काहीतरी मांसाचं करतात, त्याला अशीच घालतात. "मांसाची करंजी?" गोजरबाई म्हणाल्या, "आमच्या म्हाताऱ्याला सांगू नगा, उद्यापास्नं तीच मागंल."

९ डिसेंबर

टीव्हीवर दाखवत होते. कोरियाचा पैसा गडगडला. सुनील सांगून गेला, कारखान्याचं काम थांबलं, सगळ्यांना परत बोलावलंय. चोई आणि इम शनिवारी निघतात. मिस्टर पाकनाही जावं लागणार. परत पाठवतील की नाही, त्यांनाच माहीत नाही.

सून-ही राहणार. एकटी, आठव्या महिन्यात. डॉक्टरांनी नाही म्हटलंय ना.

१३ डिसेंबर

चोई रडली नाही. गोजरबाईंच्या पिशवीतून न विचारता तिखटाची पुडी उचलली आणि जीपमध्ये बसली. गोजरबाई म्हणाल्या, "चोरटी!" आणि त्याच रडल्या.

१६ डिसेंबर

मिस्टर पाकही गेले. जिन्यात थांबून मला काहीतरी सांगू बघत होते. सून-हीनं कोरियनमध्ये एकच शब्द टाकला, तसे गप्प झाले. नवरा-बायकोचं असेल.

गोजरबाईंनी आपली वाकळ उचलून वर नेली. "मी निजते तिच्यापाशी. घरी म्हाताऱ्याचं घोरणं, हितं निदान शांतता." यशोधरा कामावरून येता-जाता डोकावते. भिमाबाईंनी विहारातून निरोप पाठवला—दुपट्याला जुनी लुगडी हवीत का? गठ्ठाच आला.

१ जानेवारी १९९८

आज आमचे सगळे कोरेगावला, मानवंदनेला. लग्न होऊन नगरला आल्यापासून मी चुकवलेलं नाही. यंदा घरी राहिले. पायरीवर बसून सगळ्यांना हात केला.

आणि दहा वाजता गोजरबाईंची हाक! त्यांच्या पुतण्याची जीप. सून-हीनं माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी पिचली. नेमकी यशोधरा कोरेगावला. परक्या नर्सा, परकी खोली. कळ आली की दात आवळायची, तोंडातून आवाज नाही. गोजरबाई कावल्या, "अगं वरड की! हितं कोन वळखतंय तुला?" तेव्हा ओरडली. "आई गं!" कोरियन नाही. चक्क मराठी.

दुपारी मुलगी झाली. केस केवढे! उभेच.

४ जानेवारी

गोजरबाईंचे डिंकाचे लाडू विरुद्ध चोईनं मागं ठेवलेल्या समुद्रातल्या वाळक्या पाल्याची आमटी. "बाळंतिणीला शेवाळ?" सून-ही ठाम. "दूध लई येतं." शेवटी दोन्ही खाल्लं. आमटी मलाही प्यावी लागली. माझं काय बाळंतपण होतं?

१७ जानेवारी

मिस्टर पाक परत आले—न्यायला. महिनाअखेर निघणार. मुलीला मांडीवर घेऊन माझ्यासमोर जमिनीवर बसले. आज त्यांना कुणी अडवलं नाही. "ऑक्टोबर, आय बाय टिकट. डॉक्टर से ओके. वाइफ से नो. शी से, आजी अलोन. चारला आय नो गो, आजी ऑल डे नो ईट. हाऊ आय गो?" मुलीला सावरून धरत म्हणाले, "नाऊ शी क्राय. वुई गो, देन चारला हू?"

मी दिवसभर खात नाही असं कोण म्हणतं, विचारणार होते. त्याऐवजी मुलीचे उभे केस खाली बसवत राहिले.

गोजरबाई दारात दुपटी घेऊन उभ्या. इंग्रजी त्यांना ओ की ठो कळत नाही, पण 'आजी' आणि 'चारला' एवढं कळलं असणार. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्येला सांगा, चारला मी हाय म्हनावं."