माता घरात असताना

९ एप्रिल १९८१
५ हॉर्सची जळालेली मोटर आज नवी तार भरून, बांधून दिली. तिन्ही फेज सारखे भरले. माझ्या हातची मोटर परत येत नाही, हे आता सिहोऱ्यात कुणाला सांगावे लागत नाही.
नात परवा झाली. माझ्या लेकीचे, पुष्पाचे, महिने पुरे भरले नव्हते. नर्सबाईने तोलले, दोन किलोला कमी. डॉ. म्हणाले, सर्दीचा माणूससुद्धा हिच्याजवळ येऊ देऊ नका. हाताला व्हार्निशचा वास होता म्हणून मांडीवर घेतली नाही, पण खाटेजवळ बराच वेळ बसलो. नखे आहेत की नाहीत ते पाहिले. आहेत.
अंग दुखते आहे. ऊन लागले असावे.

११ एप्रिल
ऊन नाही. छातीवर, पोटावर पाण्याचे फोड. मागच्या पंधरवड्यात एका शेतावर मोटर उतरवायला गेलो होतो, तिथे ओसरीत दोन पोरे निंबाच्या पाल्यावर निजलेली पाहिली होती. मला लहानपणी आल्या असतील असे धरून चाललो. विचारायला कोणी उरले नाही.
डॉ. आले. कांजण्या. पहिला प्रश्न त्यांनी पुष्पाबद्दल केला, तिला कधी येऊन गेल्या का? सौ. म्हणाली, हो, तिसरीत असताना. मी म्हणालो, तो गोवर. सौ. आठवून म्हणाली, "होय जी, गोवरच होता." म्हणजे मायही कोरी आणि लेकरूही. एवढ्याशा जिवाला झाल्या तर छातीत उतरतात, असे डॉ. स्पष्ट म्हणाले.
आणखी एक म्हणाले. फोड दिसण्याच्या आधी एक-दोन दिवससुद्धा हे पसरते.
परवा मी खाटेजवळ बसलो होतो.
मी वाइंडिंगच्या खोलीत आलो. अंगणाच्या या टोकाला. मधले दार बंद.

१२ एप्रिल
कांजण्या म्हणजे माता अंगात आली, असे सौ. धरते. दारावर निंबाचे डहाळे. फोडणी बंद, फणी बंद. शेजारच्या मथुराबाई आल्या. गावात कुणाच्याही घरी माता आली की यांचेच चालते. अंगणातून मोठ्याने हुकूम:
"एकाच घरात माताही आहे आन् बाळंतीणही. विटाळ मातेवर पडू देऊ नोका. मधलं दार उघडाचं नाही. बाळंतिणीचं भांडंकुंडं इकडं नाही, इकडचं तिकडं नाही."
मी जे सांगणार होतो तेच, शब्दाशब्दाने. फक्त मी लेकराला माझ्यापासून वाचवणार होतो आणि त्या मला लेकराच्या विटाळापासून.
बोललो नाही. बोललो असतो तर दिवसभर वाद. दार बंद झाले ना, कुणाच्या नावाने का होईना.
ताट सौ. आणते. तिला लहानपणी येऊन गेल्या, कपाळावर वण आहे. तिकडे जाण्याआधी साबणाने हात धू, लुगडे बदल, असे सांगितले. म्हणाली, "मातेपुढून उठल्यावर ते कराच लागते. तुम्ही काय नवीन सांगता?"

१४ एप्रिल
ताप फार. लिहिताना अक्षर हलते.
सौ. उंबऱ्याशी पाणी ठेवून हात जोडून उभी. "माय, चुकलंमाकलं पोटात घाल."
मी म्हणालो, "अगं, मी आहे."
"तुमच्याशी नाही बोलून राहिली जी मी."
दुपारी खिडकीतून एक शेतकरी. "मिस्त्री, उन्हाळी धान वाळून राहिला ना. मोटर कवा भरता?" म्हटले, तोंड बघ माझे. बघितले आणि गेला.

१६ एप्रिल
ताप उतरला. पुष्पा अंगणाच्या त्या टोकाला येऊन उभी राहिली. वाळली आहे.
"बाबा, नाव काय ठेवाचं?"
"आधी तिचे वजन सांग."
"नाव पुसलं मी."
"दूध ओढते का?"
"ओढते. थोडं ओढते न् झोपते." मग हसली. "तुम्ही तं दिसूनच नाही राहिले, बाबा. नुसते ठिपके दिसून राहिले."
तिला आत जायला सांगितले.
कमरेवर आणि पाठीवर काही नवे फोड वाटतात. दोन आरसे समोरासमोर धरून पाहिले. ओले आहेत. सौ.ला विचारले तर न पाहताच म्हणाली, सुकले.
संध्याकाळी तिच्याकडून कळले ते असे. १८ला बारसे. त्या दिवशी सोयर फिटते. आणि मथुराबाईंनी मातेची आंघोळही त्याच दिवशी धरली आहे. आंघोळ झाली की लेकरू आणून मातेच्या पायावर घालायचे, म्हणजे माझ्या. असा योग सहसा येत नाही म्हणे, लेकराला जन्मभराचं राखण मिळतं.

१७ एप्रिल
सकाळपासून वाद. दाराच्या दोन बाजूंनी.
मी: फोड ओले आहेत. लेकरू आणायचे नाही.
सौ.: "विटाळ फिटला. आता कायचा धाक?"
मी: विटाळाचा संबंधच नाही. हा रोग आहे. माझ्या श्वासातून, फोडातून लागतो. डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकले आहेस.
सौ.: "मंग इतके दिवस काहून नाही बोल्ले? मथुराबाई विटाळ म्हणत होत्या तवा गप्प बसले. तवा खरं होतं, आता खोटं झालं?"
मी पुन्हा ओल्या फोडांचेच सांगितले.
पुष्पाने तिच्या परीने आईला सांगून पाहिले. "आई, बाबा म्हणते ते आयक ना वो." सौ. तिला म्हणाली, तू कालची पोर.
जावई दुपारच्या एसटीने लाखांदूरहून आले. खिडकीशी बोलावून सगळे समजावले. मान हलवली. "तुमचं खरं आहे जी. पण बायांच्या कामात मी काय बोलू?" डॉ. भंडाऱ्याला गेलेले, उद्या संध्याकाळपर्यंत नाहीत.

१८ एप्रिल
जसे झाले तसे लिहितो.
आंघोळ मी माझी केली आणि आतून कडी लावली. अंगणात बाया जमल्या. पाळण्याचे गाणे ऐकू आले, नाव ठेवले. कोणते ते गलक्यात कळले नाही. मग पावले इकडे.
मथुराबाई: "माय, दार उघड. लेकरू पाया पडाले आलं."
मी म्हणालो, "मथुराबाई, तिला घेऊन जा. मी सांगतो म्हणून."
"मिस्त्री, तुम्ही उगे राहा. तुमाले नाही बोलून राहिलो आम्ही." बाया हसल्या.
पुष्पाचा आवाज आला, "आई, नको ना." तेवढ्यात सौ. खिडकीशी. दोन्ही हातांवर लेकरू. खिडकीला गज आहेत, पण एवढे लहान आहे की गजांमधून सहज आत येईल. ती त्याचे पाय पुढे करून आत सरकवू लागली. मी भिंतीला टेकलो, आणखी मागे जायला जागा नव्हती. मोटरा रचलेल्या.
आणि मी ओरडलो. विचार करून नाही. आवाज फार मोठा निघाला आणि माझ्या रोजच्या बोलीत निघाला नाही, माझी आई बोलायची तसा निघाला.
"दूर हो! लेकराले मांगं ने! माह्या अंगाची आग सोसन काय त्याले?"
 सौ.ने लेकरू छातीशी ओढले आणि तिथेच खाली बसली. बायांनी जमिनीला डोकी टेकवली.
मथुराबाई: "माय, चुकलं. मंग कवा आणू?"
"मी गेल्यावर. तवर्रोक कोणी आणू नोका. लेकरू माहं आहे. मी पाहीन त्याले."
काम पहिल्या वाक्यातच झाले होते. शेवटचे का बोललो, कळत नाही.

२० एप्रिल
दारात नारळ येऊन पडले आहेत. ज्यांनी कधी मोटरचे पैसे वेळेवर दिले नाहीत तेही येऊन गेले. तो धानवाला शेतकरी खिडकीशी हात जोडून म्हणाला, "माय, मिस्त्रीले सांग ना, मोटर लवकर भर म्हणाव." सांगतो म्हटले.
सौ. कधी नव्हे ती आनंदात. "जनमभर देवापुढं हात नाही जोडला, तरी तुमच्याच अंगात आली."
खरे सांगायला हवे. पण लेकरू तिकडे सुरक्षित आहे आणि माझ्या अजून चार-सहा खपल्या ओल्या आहेत. सुकू देत.

२३ एप्रिल
डॉ.नी पाठ पाहिली. सगळे कोरडे. माझ्याकडून आता धोका नाही. पण आधीच लागले असेल तर ते या आठवड्यात दिसेल. पुष्पाला एक फोड जरी दिसला तरी मायलेकींना सरळ भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचे, लेकराला फोड यायची वाट पाहायची नाही. दोनदा सांगितले. सौ. ऐकत होती.
जावई परत गेले. मी अजून लेकराला हात लावलेला नाही. नाव शेवंता ठेवले आहे. वजन दोन किलोच्या वर गेले.

२६ एप्रिल
पुष्पाचे अंग गरम. दुपारी मला हळूच बोलावले, कानामागचे केस बाजूला केले. "बाबा, पाहा जी." दोन. पाण्याने भरलेले.
"आईले नोका सांगू आताच."
सांगावे लागले नाही. संध्याकाळच्या भाजीला फोडणी नव्हती.
शेवंताचे अंग साफ आहे. दिव्याजवळ नेऊन सगळे पाहिले.

२७ एप्रिल
सकाळ. तुमसरला जाणारी पहिली एसटी, तिथून भंडारा. पुष्पाने पिशवी भरली. सौ. बाहेरच्या उंबरठ्यावर बसली आहे. उठत नाही.
"मातेनं सांगतलं, लेकरू माहं आहे, मी पाहीन. आन् तुम्ही तिच्या हातून काढून सुया टोचाले नेता?"
सांगून टाकले. ते मी बोललो होतो. मीच. लेकरू आत येऊ नये म्हणून.
वाटले चिडेल, रडेल. तसे काही नाही. शांतपणे म्हणाली, "तुमचा आवाज किती वर्षं झाले आयकून राहिली मी. तो तुमचा नव्हता. तुमच्या तोंडून कोण बोल्लं, हे तुमाले काय माहीत?"
पुष्पा म्हणाली, "आई, सरक ना वो. रात्रीपासून दूध नीट नाही ओढून राहिली ते." आईला ओलांडून जायला तिचा पाय उचलत नाही. माझाही नाही. ओढून बाजूला करता येईल. कधी हात लावला नाही.
मग सौ. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्ही म्हणता ना, तुम्हीच बोल्ले होते? मंग आता बोला. त्याच आवाजात सांगा, लेकराले ने म्हणून. मी सोता तिले घेऊन गाडीत बसते."
पैसे काढायला म्हणून आत आलो आहे आणि उभ्यानेच हे लिहितो आहे. आज बोललो तर भंडाऱ्याला पोचू. आणि नंतर या घरात माझ्या शब्दाला, माझ्या म्हणून, कोण विचारील?
बाहेर पुष्पा: "बाबा, गाडीचा हॉर्न वाजला जी."
आवाज नीट निघायला हवा. पाणी पितो आणि जातो.